ट्रॅक्टरचे इंजिन का तापते? घरच्या घरी तपासणी आणि उपाय



आज आपण बियाण्याबद्दल किंवा खताबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे इंजिनाच्या पाण्याबद्दल. पिकाला पाण्याची पाळी चुकली तर पीक सुकतं, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण इंजिनाला पाणी कमी पडलं तर काय होतं, हे पुष्कळांना खर्च झाल्यावरच कळतं.

एक घडलेली गोष्ट सांगतो. रब्बीचे दिवस होते. रानात चांगला वाफसा आला होता. एका शेतकऱ्याने हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर लावला. दुपारी तापमानाचा काटा लाल खुणेपर्यंत गेला आणि रेडिएटरमधून वाफ येऊ लागली. त्याने घाईघाईने इंजिन बंद केलं, शेजारच्या पाटातलं बादलीभर गार पाणी आणलं आणि टोपण काढून भडाभडा ओतलं. इंजिनात 'टक्' असा आवाज झाला. हेडला चीर गेली होती. ट्रॅक्टर दुसऱ्या गाड्याला बांधून तालुक्याला न्यावा लागला. दुरुस्ती होऊन परत येईस्तोवर वाफसा उडून गेला आणि पेरा मागं पडला. मूळ बिघाड कोणता होता म्हणाल, तर पंख्याचा पट्टा ढिला झाला होता! तो ताणायला एक पाना आणि दहा मिनिटं पुरली असती.

म्हणून आजच्या भाषणात इंजिन का तापतं, ते आपल्या आपण कसं ओळखायचं, घरी काय करायचं आणि कुठं थांबून मेकॅनिकला बोलवायचं, एवढं क्रमाने सांगणार आहे. मी ट्रॅक्टर धरून बोलतो, पण जीप, टेंपो किंवा मोटारगाडी असली तरी पाण्याची व्यवस्था बहुतेक अशीच असते.

पाणी कसं फिरतं?

इंजिनात डिझेल जळतं. त्यातून जी उष्णता निघते, तिच्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्साच आपल्या कामाला येतो. बाकीची काही धुराबरोबर जाते आणि काही इंजिनाच्या अंगात राहते. ही अंगातली उष्णता बाहेर काढायचं काम पाण्याचं.

हेड आणि ब्लॉकमध्ये पाण्यासाठी पोकळ्या ठेवलेल्या असतात. तिथं तापलेलं पाणी वरच्या रबरी नळीतून, म्हणजे होज पाईपमधून, रेडिएटरच्या वरच्या टाकीत येतं. तिथून बारीक नळ्यांतून ते खाली उतरतं. नळ्यांना पातळ पत्र्यांची जाळी असते. पंखा त्या जाळीतून वारा ओढतो आणि पाणी निवतं. निवलेलं पाणी खालच्या होजमधून पाण्याचा पंप पुन्हा इंजिनात ढकलतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत पंप आणि पंखा एकाच पट्ट्यावर चालतात.

वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. पाटाच्या दारासारखंच तिचं काम. इंजिन गार असताना दार बंद असतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. ठरावीक गरमीला दार उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे वळतं.

राहिलं टोपण. ते नुसतं झाकण नव्हे. तुमच्या घरच्या प्रेशर कुकरसारखं ते आतला दाब धरून ठेवतं. मोकळं पाणी सुमारे 100 अंशांना उकळतं. अर्धा किलोचा दाब धरला की तेच पाणी 110 अंशांच्या पुढं गेल्याशिवाय उकळत नाही. टोपण हरवलं म्हणून तोंडाला चिंधी किंवा लाकडाची खुंटी बसवली, तर हा दाब राहत नाही. मग पाणी लवकर उकळून उडून जातं.

रानात इंजिन तापलं तर आधी काय कराल?

काटा लाल खुणेकडे सरकताना दिसला की घाबरू नका, पण पुढचं एक तासही ओढू नका. अवजार उचला, गिअर न्यूट्रल करा आणि पुढं दोन गोष्टी बघा.

पाणी बाहेर पडत नसेल, वाफ नसेल आणि पंखा फिरत असेल, तर इंजिन चारपाच मिनिटं हळू चालू राहू द्या. एकदम बंद केलं तर पंप थांबतो आणि हेडमधली सारी उष्णता तिथल्या तिथंच कोंडते. काटा खाली येऊ लागला की मग बंद करा.

पण पट्टा तुटला असेल, होज फुटला असेल, भसाभस वाफ येत असेल किंवा हळू चालवूनही काटा वरच चढत असेल, तर तात्काळ बंद करा. पाणी नसताना इंजिन चालवलं तर पिस्टन लायनरमध्ये जाम होतो. आणखी एक खूण ध्यानात ठेवा. काटा वर जातो आहे आणि त्याच वेळी बॅटरी चार्जिंगचा लाल दिवाही लागला आहे, तर बहुधा पट्टाच गेला. कारण पुष्कळ गाड्यांत चार्जिंगचं यंत्रही त्याच पट्ट्यावर असतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. गरम रेडिएटरचं टोपण काढू नका. टोपण सैल होताच दाब सुटतो आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर उडतं. तोंड, मान, छाती भाजून माणसं दवाखान्यात गेली आहेत. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वरच्या टाकीवर हात खुशाल ठेवता आला पाहिजे. मग जाड गोणपाटाची घडी टोपणावर ठेवा, तोंड बाजूला करा आणि टोपण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. फुसफुस थांबली की मगच पूर्ण काढा. पोरांना जवळ येऊ देऊ नका.

पाणीसुद्धा इंजिन निवल्यावरच घालावं. तेही बारीक धारेने, सावकाश. तापलेल्या बिडाच्या हेडवर गार पाणी म्हणजे तापल्या काचेच्या चिमणीवर थेंब टाकण्यासारखंच आहे.

घरी आल्यावर तपासणी: सोप्याकडून अवघडाकडे

पुष्कळजण आधीच हेड उतरवायच्या गोष्टी करतात. तसं करू नका. पुढच्या क्रमाने तपासा. बहुतेक दोष पहिल्या चार गोष्टींतच सापडतात.

1. पाण्याची पातळी. सकाळी इंजिन गार असताना बघा. रोज घालावं लागत असेल तर पाणी कुठं तरी जात आहे, एवढं नक्की समजा. पाणी घालायचं आणि विसरायचं, ही सवय महागात पडते.

2. बाहेरची जाळी. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचं, गव्हाचं भुसकट आणि धूळ जाळीवर नमदा होऊन बसते. मग वारा आत जाणार कुठून? आतल्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला वारा किंवा हलकं पाणी मारा. पुढून मारलं तर कचरा आणखी आत ठासला जातो. वॉशिंगचा जोराचा फवारा अगदी जवळून मारू नका, पत्र्या मुडपतात. मुडपलेल्या पत्र्या बोथट काडीने हळूच सरळ करा. मळणीच्या वेळी हे काम रोज करा, धूळ फार असेल तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतही करा.

3. पंख्याचा पट्टा. इंजिन बंद करून, चावी काढून दोन चाकांच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच, म्हणजे 10 ते 15 मिलिमीटर दबला तर ठीक. जास्त दबला तर चार्जिंगच्या यंत्राचा बोल्ट ढिला करून ते बाहेर ओढा, पट्टा ताणा आणि बोल्ट आवळा. फार ताणू नका, पंपाचं बेअरिंग जातं. पट्ट्याला भेगा असतील, दोरे निघाले असतील किंवा तो तेलकट होऊन चकाकत असेल तर बदला. नवा पट्टा जुन्याच नंबरचा घ्या आणि एक जादा पट्टा टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा. इंजिन चालू असताना धोतराचा सोगा, उपरणं किंवा पदर पंख्याजवळ जाऊ देऊ नका. मोटारगाडीचा पंखा विजेवरचा असेल, तर इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो. तिथं बॅटरीची वायर काढूनच हात घाला.

4. गळती. रेडिएटरखाली रात्री कोरडा पुठ्ठा किंवा जुनं वर्तमानपत्र अंथरा. सकाळी ओलं कुठं झालं, ते बघून वर शोध घ्या. होजची टोकं, खालचा कॉक आणि रेडिएटरचे सांधे पाहा. होज दाबून बघा. तो लोण्यासारखा मऊ झाला असेल किंवा दाबल्यावर तडा दिसत असेल तर बदला. क्लिप सैल असेल तर आवळा. पाण्याच्या पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. तिथून थेंब गळत असतील तर पंपाचं सील गेलं आहे. ते भोक चिखलाने किंवा एम-सीलने बुजवू नका. ते दोष दाखवण्यासाठीच ठेवलेलं असतं. इंजिन बंद असताना पंखा हाताने हलवून बघा. लटलट हलला तर बेअरिंग खिळखिळं झालं.

रानात होज फुटला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून तारेने आवळा. इंजिन निवल्यावर पाणी भरा, टोपण सैल ठेवा म्हणजे दाब चढणार नाही, आणि काटा बघत सावकाश घर गाठा. हा तात्पुरता उपाय आहे. बारीक गळतीला रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी रीत ट्रकवाल्यांत आहे. अडल्या वेळी तिने गळ थांबतोही. पण तीच हळद पुढं बारीक नळ्यांतही बसते. टाकलीच तर घरी आल्यावर रेडिएटर धुऊन घ्या. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चांगल्या कारागिराकडून डाख देता येतो. ॲल्युमिनियमच्या आणि प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरला तसा डाख बसत नाही.

5. टोपण. त्याचं रबरी वायसर चिरलं आहे का, स्प्रिंग दबते आणि परत येते का, ते पाहा. मधे एक छोटी झडप असते. इंजिन निवताना ती बाटलीतलं पाणी परत आत घेते. ती अडकली तर निवल्यावर वरचा होज चपटा होतो. टोपण बदलताना त्यावरचा दाबाचा आकडा जुना तोच असावा.

6. थर्मोस्टॅट. सकाळी गार इंजिन चालू करून वरच्या होजला अधूनमधून हात लावा, मात्र पंख्यापासून हात लांब ठेवून. आधी होज गार राहिला आणि काही वेळाने एकदम गरम झाला, तर झडप ठीक आहे. काटा वर गेला तरी होज गारच राहिला आणि पाणी पुरेसं असेल, तर झडप बंदच अडकली आहे. सुरुवातीपासूनच होज हळूहळू कोमट होत गेला, तर ती उघडीच अडकली आहे.

खात्रीसाठी झडप काढून दोऱ्याला बांधा आणि जुन्या भांड्यात पाण्यात लोंबत ठेवा. बुडाला टेकू देऊ नका. खाली जाळ करा. झडपेवर 82 असा काही आकडा कोरलेला असतो. त्या अंशाला ती उघडू लागते आणि पाणी खळखळा उकळेपर्यंत पूर्ण उघडायला हवी. गार झाल्यावर मिटायला हवी. तसं होत नसेल तर नवी घाला. ते भांडं पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका.

'आपल्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅट कशाला?' म्हणून काहीजण तो काढूनच टाकतात. हे चूक आहे. मग इंजिन फार वेळ थंड चालतं, डिझेल नीट जळत नाही, ते ऑईलमध्ये उतरतं आणि लायनर-पिस्टनची झीज वाढते. काही इंजिनांत तर झडप काढल्यावर पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं आणि इंजिन जास्तच तापतं.

7. आत साचलेला थर. इंजिन गरम झाल्यावर बंद करा आणि जाळीला जपून हात लावून बघा. मधेच काही भाग गार लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. वरचा होज कढत आणि खालचा अगदीच गार असेल तरीही हाच संशय घ्यावा.

8. हेडची गॅस्केट. बाहेर कुठं गळत नाही, तरी पाणी कमी होतं. मग तीन खुणा बघा. ऑईलची पट्टी काढल्यावर ऑईल दूध घातलेल्या चहासारखं दिसतं का? इंजिन गरम झाल्यावरही धुराड्यातून पांढरी वाफ येत राहते का? आणि गार इंजिनाचं टोपण काढून ते चालू केल्यावर पाण्यात सारखे बुडबुडे येतात का? यातली एक जरी खूण पक्की दिसली, तरी इंजिन बंद ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा. पाणी मिसळलेल्या ऑईलवर इंजिन चालवलं तर बेअरिंगं जातात आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो.

इंजिनाला कोणतं पाणी घालावं?

तुमच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब एकदा आतून बघा. विहिरीचं पाणी जड असेल तर आत पांढरा कठीण थर धरलेला दिसेल. तसाच थर इंजिनाच्या पोकळीत आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. हा थर उष्णता सहजी जाऊ देत नाही. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी इंजिनाला घालू नका. बोअरचं खारं पाणी तर मुळीच नको.

सगळ्यांत चांगलं म्हणजे कंपनीने सांगितलेलं कूलंट. तयार मिळालं तर तसंच घाला. घट्ट मिळालं तर बाटलीवर लिहिलं असेल त्या प्रमाणात, बहुधा निम्मं-निम्मं, बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात मिसळा. दोन निरनिराळ्या जातींची कूलंटं एकत्र करू नका. कूलंटमुळं पाणी उशिरा उकळतं, गंज धरत नाही आणि लायनरच्या बाहेरून टाचणीच्या टोकासारखी भोकं पडायची थांबतात. अडचणीच्या वेळी स्वच्छ धरलेलं पावसाचं पाणी चालेल, पण सोयीने कूलंट घालून घ्या.

इथं एक इशारा. कूलंट विषारी आहे आणि चवीला गोड असतं. कुत्रं किंवा वासरू ते चाटून जाऊ शकतं. काढलेलं कूलंट अंगणात, गोठ्याजवळ किंवा विहिरीकडे जाणाऱ्या ओघळीत ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्या. उरलेली बाटली पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरू नका.

रेडिएटर आतून धुणे

इंजिन निवल्यावर खालचा कॉक उघडा. ब्लॉकलाही कॉक असेल तर तोही उघडा आणि पाणी डब्यात काढून घ्या. रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत ॲल्युमिनियमचे भाग नसतील, तर दहा लिटर पाण्याला साधारण पाव किलो धुण्याचा सोडा विरघळवून भरा. इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा आणि आणखी थोडा वेळ चालू द्या. निवल्यावर काढून टाका आणि नितळ पाणी येईपर्यंत दोनतीनदा धुवा. ॲल्युमिनियमला सोडा खातो. त्यामुळं तसे भाग असतील किंवा शंका असेल, तर दुकानात मिळणारं रेडिएटर धुण्याचं औषधच वापरा. ॲसिड घरी वापरू नका. थर फार असेल तर होज काढून खालून वर नळीने पाणी सोडा, म्हणजे उलट्या वाटेने गाळ निघतो. परत भरताना सावकाश भरा, नाहीतर आत हवा कोंडते. भरल्यावर इंजिन थोडं चालवा, निवू द्या आणि पातळी पुन्हा बघा.

दोष पाण्याचा नसेल तर?

सगळं ठीक असूनही इंजिन तापत असेल तर आपणच त्याला जास्त राबवतो का, हे बघा. ट्रॅक्टरच्या ताकदीपेक्षा मोठं अवजार, फार खोल नांगरट, चुकीचा गिअर, धरून राहिलेला ब्रेक, कमी पडलेलं ऑईल, तुंबलेला हवेचा फिल्टर, यांनीही इंजिन तापतं. पंपाचं किंवा नोझलचं सेटिंग बिघडलं तरी तापतं, पण ते काम मेकॅनिकचं. कधी काटाच खोटं बोलतो. गार इंजिनावरही तो वरच दिसला तर वायर किंवा सेंडर तपासून घ्या. पण तापल्याचा संशय असेल तर काटा खोटा आहे, असं आधी धरून चालू नका.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाबद्दल दोन शब्द. पुष्कळ इंजिनांना पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी दिलेली असते. तिच्यात शेवाळ किंवा वाळू अडकली की इंजिन तापतं. बाहेर पडणारी धार येता-जाता बघा. धार बंद पडली तर इंजिन बंद करा. धार अगदी गार ठेवणंही बरं नाही. हात धरवेल न धरवेल इतकी गरम असावी. कॉक तसा लावून घ्या.

लक्षात ठेवा

रोज सकाळी: पाणी, ऑईल आणि रेडिएटरखालची जमीन बघा.

मळणीच्या दिवसांत रोज: जाळी आतून बाहेर साफ करा.

आठवड्यातून एकदा: पट्टा दाबून बघा, होज व क्लिपा बघा.

हंगामाच्या आधी: टोपण, थर्मोस्टॅट आणि पंप तपासा.

कूलंट कधी बदलायचं ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. बदलल्याची तारीख आणि तास घराच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

आणि घरात जो कोणी ट्रॅक्टर चालवतो, मग तो मुलगा असो की सालगडी, त्याला दोन गोष्टी पक्क्या सांगा: गरम टोपण काढायचं नाही आणि काटा लाल खुणेकडे गेला की काम थांबवायचं. त्याने काम थांबवलं म्हणून त्याला बोलू नका. एक तास वाया गेला तर तो भरून काढता येतो. हेड गेलं तर हंगाम जातो, आणि तोंड भाजलं तर त्याची भरपाई कशानेच होत नाही.

तेव्हा उद्या सकाळी बैलांना पाणी दाखवाल, तेव्हा ट्रॅक्टरचंही पाणी बघा. एवढं सांगून मी आपली रजा घेतो. नमस्कार.